पहिलवान तारेखालून गेला

ताई : नळ बंद कर आधी. आणि हात दाखव.

भाऊ : मातीच आहे गं, ताई. काय तू पण!

ताई : आपली माती काळी आहे. ही लाल कुठून आणलीस?

भाऊ : लागलंय जरा. फावड्याच्या दांड्याचं कुसळ घुसलं.

ताई : कुठे घुसलं? तळहात तर कोरा करकरीत आहे तुझा. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. कुणाला मारलंस?

भाऊ : त्यालाच.

ताई : त्याला म्हणजे?

भाऊ : शेजाऱ्याला! आणखी कुणाला? सकाळी सकाळी पाठीवर पंप अडकवून कुंपणाला खेटून उभा. तणनाशक मारत होता. वारा बघितलास ना आजचा? सगळाच्या सगळा आपल्याकडे. मी ओरडून सांगितलं, अहो, वारा पडू द्या, मग मारा. तर म्हणतो कसा, वारा काय तुझ्या बापाने पाळलाय?

ताई : पुढे.

भाऊ : पुढे काय पुढे! गेल्या आठवड्यात त्याने असंच मारलं, त्यामुळे टोमॅटोच्या चार ओळींची काय दशा झाली ती बघ जाऊन. पानं मुठीसारखी आवळून बसलीत. तीन वर्षं, ताई! तीन वर्षं आपण गुडघ्यावर रांगत हाताने तण उपटतोय. विषाचा एक थेंब नाही वापरला. पुढच्या महिन्यात तपासणीवाले येणार, सेंद्रियचा दाखला हातात पडणार, आणि हा दीडशहाणा...

ताई : ओळी मी बघितल्यात. माणसाचं विचारतेय मी. माणूस कसा आहे?

भाऊ : पडला.

ताई : कसा पडला?

भाऊ : हसला तो. हसला आणि पाठ फिरवली. माझं डोकंच सटकलं. फावडं हातातच होतं.

ताई : पाठीमागून मारलंस?

भाऊ : एकदाच.

ताई : माझ्याकडे बघून सांग.

भाऊ : दोनदा. पहिलं फावडं पंपावर बसलं. दुसरं डोक्यावर. तो चरात पडला, आणि पंप फुटला होता ना, ते सगळं त्याच्या तोंडावर...

ताई : डोळ्यांत गेलं?

भाऊ : मला काय माहीत! किंचाळत होता. मी थांबलो नाही.

ताई : डोकं फुटलेलं, डोळ्यांत विष, आणि तू इथे येऊन नळाखाली हात चोळतोयस. शाबास. आईने तुला चार वर्षांचा माझ्या पदरात टाकला तो यासाठी. सर बाजूला, मी जाते.

भाऊ : तिकडे नको जाऊस! त्याची दोन्ही पोरं पोचलीत. त्याची बायको बोंब मारतेय. आणि ताई, ऐक तरी. त्यांना वाटतंय, पहिलवानाने मारलं.

ताई : पहिलवानाने? तो तर काकडीच्या मांडवात होता.

भाऊ : होता. आवाज ऐकून धावला. सरळ तारेखालून घुसला पलीकडे. त्या म्हाताऱ्याला चरातून ओढून काढलं, मांडीवर डोकं घेतलं आणि बाटलीतल्या पाण्याने डोळे धुवत बसला. सदरा रक्ताने भिजला त्याचा. तेवढ्यात ती बायको आली. तिला काय दिसलं? परका माणूस, हंगामी मजूर, ताडमाड, रक्ताने माखलेला, आणि शेजारी फावडं पडलेलं.

ताई : फावडं तिथेच टाकलंस. आणि तू कुठे होतास?

भाऊ : मक्यात.

ताई : लपून.

भाऊ : पोरांनी आपल्याच टोमॅटोचे बांबू उपटले आणि सुरुवात केली. मला वाटलं, तो सांगेल काहीतरी. चार हंगाम झाले त्याला इथे, तोंड आहे ना त्याला!

ताई : मारतायत त्याला? आत्ता? आणि हे तू मला सगळ्यात शेवटी सांगतोयस?

भाऊ : ताई! ताई, थांब! अगं, खुरपं कशाला घेतेस?

०

ताई : शेडचं दार धर. अरे, दार धर आधी, मग बघत बस! कोबीच्या क्रेटवर पोती टाक. पाय उचल त्याचे. हळू. बटाट्याचं पोतं नाहीये ते.

भाऊ : बापरे. याचं तोंड...

ताई : बघ नीट. डोळे फिरवू नकोस. निंदणाऱ्या पाचही बायका खुरपी उगारून मध्ये पडल्या म्हणून जिवंत आहे. नाहीतर आज इथे याचं प्रेत असतं. पहिलवान, ऐकू येतंय का? कुठे दुखतं सांग.

पहिलवान : कुठे दुखत नाही ते सांगतो, ताई. लवकर होईल.

ताई : दात?

पहिलवान : दोन गेले. एक बहुतेक गिळला.

ताई : श्वास घे. लांब घे. थांबलास का?

पहिलवान : बरगडीत सुरी फिरल्यासारखं होतंय.

ताई : उजवा हात दे. अरे देवा. ही दोन बोटं उलटी झालीत.

पहिलवान : डोक्यावर हात धरला होता. बांबू बोटांवर बसला.

ताई : दवाखाना लांब आहे. तोवर सुजून दगड होतील. सरळ करू का?

पहिलवान : करा. सांगू नका फक्त, कधी करताय ते.

ताई : काकडी किती क्रेट निघाली आज?

पहिलवान : नऊ... आई गं! आई! आई...

ताई : झालं. झालं एक. दुसरं राहू दे. भाऊ, ते फडकं ओलं करून दे. असा खांबासारखा उभा काय राहिलास?

भाऊ : ताई, बाहेर बघ.

ताई : काय आहे?

भाऊ : थोरला परत आलाय. बापाला धाकट्याबरोबर गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं वाटतं. याच्याबरोबर आणखी तिघं आहेत. कुऱ्हाड आहे त्याच्या हातात.

ताई : कडी लाव. आडणा टाक.

भाऊ : टाकला. बायका कुठायत आपल्या?

ताई : त्यांना मी खोलीत कोंडून घ्यायला सांगितलं. त्यांनी कुणाकुणाशी भांडायचं? पोलिसांना कळवलंय मी, पण यायला वेळ लागणार.

भाऊ : ऐकलंस? काय ओरडतोय ते? त्या पहिलवानाला बाहेर काढा म्हणतोय. फक्त पहिलवानाला.

ताई : ऐकू येतंय मला.

भाऊ : ताई, जरा इकडे ये. इकडे, वजनकाट्यापाशी. हळू बोल. हे बघ, मी काय म्हणतो ते शांतपणे ऐक. त्यांना तो हवाय. त्या बाईने त्याला बघितलं. म्हाताऱ्याने मला मारताना बघितलेलं नाही, पाठ होती त्याची. म्हणजे बघणारं कुणीच नाही.

ताई : मग?

भाऊ : मग काही नाही. आपण काही बोलायचंच नाही. खोटं नको, खरं नको. पोलीस येतील, त्याला घेऊन जातील, चौकशी करतील. तो तसाही हंगामापुरता आहे. शेवटची कोबी निघाली की जातोच ना? मागे-पुढे कुणी नाही त्याला. चार महिने आत बसेल, सुटेल. मी गेलो तर हे शेत कोण बघणार? दाखला मिळाला तरी तो काय भिंतीला लावून पूजा करणार तू? एकटी?

भाऊ : ताई?

भाऊ : बोल ना काहीतरी. तू अशी गप्प राहिलीस की मला भीती वाटते. मी तुझा भाऊ आहे की तो?

पहिलवान : पाणी मिळेल का?

ताई : आले. थांब, डोकं उचलू नकोस. मी पाजते.

पहिलवान : भाऊंना म्हणावं, हळू बोलायची गरज नाही. मला ठाऊक आहे.

भाऊ : काय ठाऊक आहे तुला?

पहिलवान : मांडवातून कुंपण दिसतं, भाऊ. तुम्ही दुसऱ्यांदा फावडं उचललंत तेव्हाच मी धावलो होतो.

ताई : तू बघितलंस? मग मेल्या, मार खाताना बोलला का नाहीस?

पहिलवान : कुणी विचारलंच नाही. लगेच मारायलाच लागले. नंतर तोंडात रक्त होतं.

भाऊ : सांगितलं असतंस तरी कुणी ऐकलं नसतं तुझं.

पहिलवान : तेही आहेच.

ताई : चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी बाई दिसते का रे मी तुला, भाऊ?

भाऊ : मी असं कुठे म्हणतोय...

ताई : असंच म्हणतोयस! वजनकाट्यापाशी नेऊन म्हणतोयस! मी काय तिथे याचं वजन करायचं होतं? एका पारड्यात हा, एका पारड्यात तू?

भाऊ : मारलंस मला तू? याच्यादेखत?

ताई : ही थोबाडीत लहानपणीच मारायला हवी होती. घे, आणखी एक घे. आता दाराकडे चल.

भाऊ : दार कुऱ्हाडीने फोडतायत ते, ताई! आवाज ऐक!

ताई : म्हणूनच. फुटायच्या आत आपण उघडायचं. आपणहून बाहेर आलेल्या माणसावर हात उचलताना थोडा तरी विचार होतो. कोपऱ्यात सापडलेल्याचा चेंदा होतो. चल.

भाऊ : मी नाही येणार.

ताई : सुरी खाली ठेव.

भाऊ : कडीला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो.

ताई : कोबी कापायची सुरी आहे ती. बहिणीवर धरतोस?

भाऊ : मारून टाकतील गं मला!

ताई : आणि याला मारून टाकलं असतं तर चाललं असतं. सर.

भाऊ : मागे हो, ताई! मागे हो म्हणतो ना! मागे... ताई! मी नाही! मी मारली नाही, तूच हात मध्ये घातलास, तूच पुढे आलीस...

ताई : आई गं... कोपरापर्यंत उघडला रे.

पहिलवान : भाऊ, सुरी सोडा.

भाऊ : तू पडून राहा तिथेच! उठू नकोस! एक तरी हात धड आहे का तुला?

पहिलवान : डावा आहे.

भाऊ : आ! मनगट! सोड, मोडेल ते! ताई, सांग ना त्याला!

पहिलवान : तुम्ही सुरी सोडा, मी मनगट सोडतो.

भाऊ : सोडली! सोडली ना! भिंतीवर माझं डोकं कशाला आपटतोस मग?

पहिलवान : तोल गेला माझा. बरगडीमुळे.

ताई : सुरी लाथेने क्रेटखाली सरकव, पहिलवान. आणि धरून ठेव त्याला. ए थोरल्या! अरे ए! ऐकतोस का? कुऱ्हाड थांबव जरा, माझा आवाज बसेल! तुझ्या बापाला माझ्या भावाने मारलं. ऐकलंस? माझ्या भावाने! मागून, फावड्याने! ज्याला तुम्ही बडवलंत ना, तो तुझ्या बापाचे डोळे धूत होता! बापाला शुद्ध आली की विचार, पाणी कुणी ओतलं!

पहिलवान : थांबली.

ताई : काय?

पहिलवान : कुऱ्हाड थांबली.

भाऊ : काय केलंस हे, ताई? आपलेच दात, आपलेच ओठ, हे मला कोण सांगायचं लहानपणी?

ताई : मीच. म्हणून तर चावून घेतलं. कडी काढतेय. माझ्या मागे राहा. मागे म्हणजे मागे, पळायचं नाही.

(सतरा दिवसांनी. तीच शेड, दाराला नवी फळी ठोकलेली. दुपार. ताईचा डावा हात पट्टीत आहे. पहिलवान कपड्यांची पिशवी बांधतोय.)

ताई : न्यायालयातून येतेय. जबानी झाली माझी.

पहिलवान : सगळं सांगितलंत?

ताई : मक्यापासून सुरीपर्यंत. वकील म्हणाला, सुरीचं नाही सांगितलं तरी चालेल, घरातली गोष्ट आहे. मी म्हटलं, घरातलीच गोष्ट कुंपणाबाहेर गेली, आता काय झाकायचं? कुबड्या घेऊन उभा होता भाऊ. माझ्याकडे बघितलं नाही एकदाही.

पहिलवान : गुडघा?

ताई : वाकणार नाही म्हणतात. दार उघडल्यावर थोरल्याने कुऱ्हाडीची उलटी बाजू मारली हे नशीब. पहिला घाव गुडघ्यावर बसला, दुसरा डोक्यावर यायचा होता. मी अंगावर पडले म्हणून माझ्या खांद्यावर आला. आणि तिसरा तू येऊ दिला नाहीस.

पहिलवान : दांडा धरला मी फक्त.

ताई : मोडक्या हाताने धरलास. मी खाली पालथी पडलेले, मला तुझे पायच दिसत होते. मागे घसरत होते.

पहिलवान : जोर होता पोरात. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं काय सांगितलं न्यायालयात?

ताई : डावा काढला. उजव्याने उजेड-अंधार कळतो. दवाखान्यातला डॉक्टर म्हणत होता, लगेच पाणी ओतलं म्हणून तेवढा तरी राहिला. तुझी बोटं?

पहिलवान : तुम्ही सरळ केलंत ते वाकतं. दुसरं नाही वाकत. खुरपं धरता येतं पण. क्रेटही उचलता येतो, तिरका.

ताई : मग पिशवी कशाला बांधतोयस? कोबी अजून महिनाभर आहे. त्या चार ओळी मी उपटून टाकल्या, तपासणीवाल्यांना स्वतः दाखवणार आहे. दाखला देवोत, न देवोत. बाकीचं पीक तरारलंय. आणि तूच चाललास?

पहिलवान : लांब नाही चाललो.

ताई : म्हणजे?

पहिलवान : पलीकडे. शेजाऱ्यांकडे.

ताई : कुठे?

पहिलवान : त्यांच्याकडे कुणी नाही, ताई. म्हातारा आंधळा. धाकटा दवाखान्याच्या फेऱ्या मारतोय. थोरल्याला दर दोन दिवसांनी पोलीस बोलावतात. भोपळा जमिनीवर सडतोय त्यांचा. बाई एकटीच तोडते.

ताई : त्यांनी तुझे दात पाडले रे! हाडं मोडली! कुत्र्यासारखं मारलं तुला!

पहिलवान : मारलं.

ताई : आणि तिकडे तुला पंप पाठीवर घ्यावा लागेल. इथे तीन वर्षं हाताने तण काढलंस.

पहिलवान : म्हातारा म्हणाला, पंप अडगळीत टाक. डोळा गेल्यावर वास सहन होत नाही त्याला. बघू. माणूस बोलतो आणि विसरतो.

ताई : त्यांनी बोलावलं तुला?

पहिलवान : थोरला आला होता परवा. खोलीच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. चुकलो म्हणाला, मला ठाऊक नव्हतं. मग रडायला लागला. एवढा मोठा गडी, हुंदके द्यायला लागला. मलाच कसंतरी झालं.

ताई : आणि तेवढ्यावर तू विरघळलास.

पहिलवान : नाही. राग आहेच. कूस बदलली की बरगडी आठवण करून देते. पण तो म्हणाला ते खरं होतं. त्याने मारलं तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

ताई : आणि मला होतं.

पहिलवान : मी तसं म्हटलं नाही.

ताई : नाही म्हटलंस. मी तुला दवाखान्यात नेलं, भरवलं, भावाविरुद्ध जबानी दिली. मला वाटलं, फिटलं. तू तिथे पोत्यावर पडून सगळं ऐकत होतास ना? वजनकाट्यापाशी भाऊ बोलायचा थांबला त्यानंतरचंही?

पहिलवान : त्यानंतर काही नव्हतंच ऐकण्यासारखं, ताई.

ताई : तेच म्हणतेय मी. खूप वेळ होता का रे तो?

पहिलवान : मोजला नाही. खूप नव्हता.

ताई : पण होता.

पहिलवान : होता. मग मी पाणी मागितलं.

ताई : तहान नव्हती तुला.

पहिलवान : थोडी होती.

ताई : चुकले मी, पहिलवान.

पहिलवान : हं.

ताई : थांब म्हणत नाही आता. ती पिशवी मोडक्या बोटांनी उचलू नकोस. दे इकडे, कुंपणापर्यंत मी आणते.